कोरड्याला विटाळ नाही

विहिरीत मी औषध टाकलं आणि त्या गावात कोणी मेलं नाही, तर माझं काम चांगलं झालं असं समजायचं. म्हणजे माझ्या साऱ्या नोकरीचा पुरावा एवढाच, की काही घडलं नाही. अशा माणसाकडे दिवाळी अंकासाठी आठवणी मागणं हे संपादकांचं धाडस आहे. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, कुठे ना कुठे काहीतरी घडलंच असेल. घडलं होतं. तेच सांगतो.

पन्नासच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यात जनपद सभेकडे स्वच्छता निरीक्षक होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे. सायकल, तिच्या कॅरिअरला ब्लीचिंग पावडरचा डबा, हँडलला बादली आणि दोर, खांद्याला पेल्यांची पेटी, एवढं सगळं मिळून तो हुद्दा होत असे. खेड्यात मला निरीक्षक कोणी म्हटलं नाही. ‘दवावाला सायब’ म्हणत. दवावाला म्हटल्यावर तो उंदरांचीही दवा देत असणार असा समज होता, त्यामुळे बायका मला घरातली बिळं दाखवीत.

काम असं. साथीचे दिवस आले, की विहिरीत औषध टाकायचं. आधी दोराला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते बघायचं, विहिरीचा घेर मोजायचा, आणि पाण्याच्या हिशेबाने पावडर घ्यायची. ती बादलीत ताकाइतकी पातळ कालवायची आणि जरा वेळ तशीच राहू द्यायची. चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं औषध. लोकांना वाटे, खालचा पांढरा चुना म्हणजेच खरी दवा आणि वरचं पाणी मी उगीच टाकतो. मी चुना उकिरड्यावर ओतला, की मागून कोणीतरी हळहळत असे. मग निवळीची बादली विहिरीत सोडून खालीवर करायची, म्हणजे दवा सगळीकडे पोचते. त्यानंतर निदान तासभर पाण्याला हात लावायचा नाही. दवेलाही कामाला वेळ लागतो.

शेवटी परीक्षा. माझ्या पेटीत पांढरे पेले होते. त्यांत विहिरीचं पाणी घेऊन एका बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी निळं झालं, की पाण्यात दवा शिल्लक आहे, खुशाल प्या. पांढरंच राहिलं, तर पाण्यातल्या घाणीने दवा खाऊन टाकली, पुन्हा टाका. पेटी हातभर लांबीची. पेले पुसून आत ठेवायला आणि कडी लावायला, पान लावायला लागतो तेवढाच वेळ लागे.

जुन्या लोकांचा भरवसा मात्र लाल दवेवर होता. तिने पाणी गुलाबी होतं, म्हणजे काहीतरी केल्यासारखं दिसतं. पवनारला धाम नदीच्या काठी एका पर्वणीला मी ती पाण्याच्या माठांत टाकत फिरत होतो, तर एक सरबतवाला माझ्या मागे लागला, साहेब, माझ्याही माठात टाका. मला त्याचं कौतुक वाटलं. अशी जाण असलेला दुकानदार दुर्मिळ. त्याच्या बाजूचा भजीवाला म्हणाला, ‘‘जाण कायची सायब, त्याले रंग फुकटात पाह्यजे.’’

आर्वीच्या एका शेटजींनी तर मला घरी बोलावून देवघरातली गंगाजलाची लोटी पुढे ठेवली. साथ सुरू झालेली होती. यात थोडं टाकता का, असं विचारलं. मी म्हटलं, शेटजी, गंगाजलावर तुमचा विश्वास नाही का? ते म्हणाले, पूर्ण आहे, म्हणून तर थोडंच टाका म्हणतो.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी जन्माने महार. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा घरच्या सगळ्यांसोबत मीही गेलो आणि बौद्ध झालो. विहिरींना हे कळायला वेळ लागला. ज्या विहिरीच्या ओट्यावर मी चढलो तर पाणी बाटतं असं गाव धरून चाले, तेच पाणी शुद्ध करायचा पगार सरकार मला देत असे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम होते आणि मी मधे बादली घेऊन उभा.

कायदा झाला होता, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोलत नसे. खोळंबा व्हायचा तो पिण्याच्या पाण्याशी. वैशाखाच्या उन्हात सायकल मारत गावात पोचलेल्या साहेबाला पाणी विचारायला तर हवं. विचारलं तर द्यायचं कशात? आमच्या माणसाने तोंड लावलेलं भांडं राखेने घासून विस्तवात टाकायची रीत होती, नाहीतर पाणी ओंजळीत वरून ओतायची. समोर सरकारी माणूस, आणि त्याच्या ओंजळीत कसं ओतावं? लोकांची मोठी पंचाईत होई. मी ती सोडवली होती. गावात शिरल्या शिरल्या सांगून टाकत असे, मी बाहेरचं पाणी पीत नाही, सरकारी नियम आहे. लोकांचा जीव भांड्यात पडे. माझ्या बाटलीतलं कोमट पाणी मी पीत असे. असा नियम कुठेही नव्हता.

धामणखेडी हे आष्टीकडचं गाव माझ्या आईचं माहेर. तिथल्या वस्तीत माझे दौलतमामा राहत. गावाची मोठी विहीर वेगळी, आणि वस्तीची विहीर मामांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी स्वतः खणलेली, वेगळी. उन्हाळा लागायच्या आधी गावोगाव सांगत फिरायचं, की साथ येण्याआधीच शुद्ध पाण्याचा साठा करून ठेवा, हेही माझं काम होतं. मोठे रांजण घ्या, आतून घासा, दवा टाकलेलं पाणी भरा, झाकण ठेवा, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हात बुडवायचा नाही, लोटा बुडवायचा नाही. संकटाच्या दिवसात विहीर नासली तरी तेवढ्या पाण्यावर निभावून जातं. गावोगाव एकच उत्तर मिळे, ‘‘येऊ तं द्या संकट, मंग पाहू.’’ वस्तीत मामांनी मात्र दीक्षेनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विहाराच्या मांडवाखाली रांजण ओळीने मांडले, भरले, झाकले आणि ओगराळी दोरीने टांगून ठेवली. भाचा सांगतो म्हणून नव्हे. आता आपण नव्याने जगायचं ठरवलंय तर ते सगळ्याच बाबतीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच उन्हाळ्यात धामणखेडीत हैजा, म्हणजे कॉलरा, आला. गावातला एक माणूस सकाळी ढाळ लागले म्हणून झोपला तो संध्याकाळी संपला, आणि बाजूच्या घरातली दोन माणसं अंथरुणाला खिळली. निरोप मिळताच मी गेलो.

पाटील वेशीपर्यंत पुढे आले. भला माणूस. घरात लेक शांता पहिल्या बाळंतपणाला आलेली, त्यामुळे तोंडचं पाणी पळालेलं. मी विहिरीपाशी जाऊन थांबलो, ओट्याखालीच. ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, ‘‘चढा सायब. आता कायदाच हाय.’’

मी चढलो. लिंबाच्या झाडाखाली मामा आणि वस्तीतली माणसं येऊन उभी राहिली होती. माझी आई पोर होती तेव्हा याच विहिरीपासून लांब घागर मांडून, कोणी ओततं का म्हणून बसून राहत असे. मामा तिच्या शेजारी असत. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. तो ओटा मला पायाखाली गार लागला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. बादली मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ खालीवर केली.

मग वस्तीच्या विहिरीतही त्याच डब्यातली दवा टाकली आणि मुक्कामाला मामांकडे गेलो.

सकाळी पेले मांडले. वस्तीच्या विहिरीचं पाणी छान निळं झालं. गावच्या विहिरीचं पांढरंच. असं होतं कधी कधी, विहिरीत गाळ असला तर. मी दवा वाढवून पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशीही पांढरं. आता मात्र मला डब्याचा संशय आला. ब्लीचिंग पावडरचं झाकण सैल राहिलं, की ती हवेने मरते. दिसायला तशीच पांढरी, पण अंगात काही नाही. पण मग वस्तीच्या विहिरीत ती जिवंत कशी? तरी मी आष्टीला जाऊन नवा डबा आणला, फोडला आणि तिसऱ्यांदा टाकली. पुन्हा पांढरं.

तोवर गावात आणखी माणसं पडली होती. विहिरीवर येणाऱ्या बायकांना मी सांगत होतो, हे पाणी अजून पिऊ नका, उकळून घ्या. त्या हो म्हणत आणि घागर भरून नेत. वस्तीत रांजण भरलेले होते. मामांनी पाटलांना निरोप धाडला, की आजाऱ्यांसाठी लागेल तेवढं चांगलं पाणी घेऊन जा. कोणी आलं नाही. माझी साठ्याची योजना पूर्णपणे यशस्वी झाली होती. रांजणांतलं पाणी शुद्ध राहिलं, आणि ज्यांना त्याची गरज नव्हती ते लोक ते पीत होते.

चौथ्या दिवशी सकाळी पाटलांच्या शांताला वांत्या सुरू झाल्या. पाटलांनी दमणी जुंपली आणि तिला आर्वीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

त्या दुपारी मामांकडे भाकरी खायला बसलो. मी म्हटलं, ‘‘मामा, मले समजूनच नाई राह्यलं. एकच डबा. तुमच्या विहिरीत चालते, त्याईच्या विहिरीत मरते. असं काय हाय त्या विहिरीत?’’

मामा म्हणाले, ‘‘गोमूत्र.’’

‘‘कायचं गोमूत्र?’’

‘‘तू उतरून आला का पाटलाची माय घागरभर गोमूत्र आन शेण टाकते ना थ्या विहिरीत. शुद्ध कराले.’’

मी भाकरी खाली ठेवली. म्हटलं, ‘‘कवापासून?’’

‘‘मी ल्हान होतो तवापासून. आपला कोणी थ्या वट्ट्याजवळ फिरकला का टाकतेच.’’

‘‘मंग मले काऊन नाई सांगतलं?’’

मामांना माझंच नवल वाटलं. ‘‘सांगाचं काय त्याच्यात? आमाले वाटलं तुले ठाऊक असन. सगळ्याईले ठाऊक हाय.’’

खरंच होतं. ते सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की ते कोणाला सांगण्यासारखं आहे असं कोणाच्या मनातच आलं नाही. मी विहीर शुद्ध करून उतरत होतो, आणि माझ्यामागून पाटलांची आई, गोदाआजी, विहीर शुद्ध करत होती. गोमूत्र आणि शेण दवेला एवढं काम देत होती, की हैज्यासाठी ती उरत नव्हती. दोघं मिळून आम्ही गावाला तीन दिवस रोगट पाणी पाजलं होतं, आणि दोघंही मन लावून.

मामा म्हणाले, ‘‘ठाणेदाराले आन. कायदा हाय ना? पहारा बसव विहिरीवर. पाहू मंग बुढी कशी टाकते थे.’’

त्यांचं चुकत नव्हतं. पण शिपाई यायला एखाददोन दिवस जाणार. आणि पहारा बसवून मी दवा टाकली असती, तरी गोमूत्राशिवाय ते पाणी गावाने प्यायलं नसतं. बायका नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांवर गेल्या असत्या. त्या नाल्यातच आजाऱ्यांचे कपडे धुतले जात होते. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मंग काय करशीन?’’ मी बादली उचलली आणि विहिरीवर गेलो. मामा आणि इतर माणसं मागून येऊन लिंबाखाली उभी राहिली.

गोदाआजीला बोलावणं धाडलं. ती आली, हातात पितळी घागर घेऊनच. वाळलेली, ताठ म्हातारी. मी ओट्यावर, ती ओट्याखाली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘‘तू भागीचा लेक ना रे? तुह्या मायच्या हातचं निंदन लय साफ राहे.’’

मी म्हटलं, ‘‘आजी, तुम्ही विहिरीत गोमूत्र टाकता?’’

‘‘टाकतो ना,’’ ती म्हणाली. आमच्याकडे जुन्या बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं बोलत. ‘‘मी तुले नाव नाई ठेवत, बाप्पा. तू चांगलाच हायस. पण हे पानी देवाले जाते.’’

मी तिला समजावून सांगितलं. पोरांना शिकवावं तसं, सावकाश. दवा विहिरीतली घाण मारते, पण गोमूत्र पडलं की दवा त्याच्यातच खर्च होते, रोगासाठी उरत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे गोमूत्र तुही दवा खाऊन टाकते?’’

‘‘हो.’’

‘‘सगळी?’’

‘‘सगळी.’’

‘‘मंग तं दोघाईत गोमूत्रच ताकदीचं झालं.’’

पुढे साऱ्या नोकरीत मी साहेबलोकांची पुष्कळ व्याख्यानं ऐकली. याला उत्तर कुठे मिळालं नाही.

ती घागर घेऊन ओट्याची पायरी चढायला लागली. आर्वीच्या वाटेवर तिची नात दमणीत तळमळत होती, आणि ही तिच्याच जिवासाठी विहीर नासवायला निघाली होती. मी घाईघाईने, जे सुचलं ते विचारलं. ‘‘आजी, तुमच्या वावरातली तूर कोण काढते?’’

‘‘तुह्या मामाच्याच घरचे.’’

‘‘मळणी?’’

‘‘थेच.’’

‘‘मंग घरात कशी घेता?’’

ती थांबली. मी अडाणी आहे अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘तूर कोरडी राह्यते. कोरड्याले काय इटाळ?’’

मी पावडरचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. ‘‘हे पन कोरडंच हाय.’’

ती डब्यात बघत राहिली. चिमूटभर उचलून हुंगली आणि शिंकली. मी म्हटलं, ही तुम्हीच तुमच्या बादलीत, तुमच्या हाताने काढलेल्या पाण्यात कालवा. तुम्हीच विहिरीत सोडा. मी हात लावत नाही. मग शुद्ध करायला उरतंच काय?

तिने मनातल्या मनात सगळं तपासून पाहिलं. कुठे फट सापडली नाही. ‘‘बराबर हाय,’’ ती म्हणाली. आणि मग अगदी साधेपणाने, पानात मीठ वाढायला सांगावं तशी म्हणाली, ‘‘मंग तू खाली उतर.’’

मी उतरलो. तीन दिवसांपूर्वी ज्या ओट्यावर मी चढलो आणि वस्ती बघत होती, त्याच ओट्यावरून वस्तीच्या देखत उतरलो. मला राग आला होता. तिचा आला होता, माझा आला होता, आणि त्या कोरड्या तुरीचाही आला होता. डबा मी जमिनीवर ठेवला, तिने उचलला. मी खालून सांगत गेलो आणि ती करत गेली. ताकाइतकं पातळ, आजी. आता राहू द्या. आता वरचं तेवढं घ्या. चुना टाकून देताना तिलाही हळहळ वाटली. मी वर पाहिलं तेव्हा लिंबाखाली मामा नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेले निळे झाले. गोदाआजीने घरोघरी जाऊन साठवलेलं पाणी फेकायला लावलं, घागरी चुलीवर तापवायला लावल्या, आणि जिने ऐकलं नाही तिची घागर स्वतःच्या हाताने उपडी केली. हे काम तिला जसं जमलं, तसं मला कधी जमलं नव्हतं. माणसं पडायची थांबली. गावाने मरीमायला नैवेद्य दिला आणि साथ तिच्या कृपेने गेली असं ठरलं. मला त्याचं काही नाही. आमच्या धंद्यात श्रेयाची सवय नसते.

शांता वाचली. बाळ गेलं. ती दमणीत परत आली तेव्हा मी अजून गावातच होतो. गोदाआजी तिला धरून उतरवत होती. आजीने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही बघू नये म्हणून सायकलची चेन तपासत बसलो. पहिल्याच दिवशी पाणी निळं झालं असतं तर ती पोर बाळंत होऊन सासरी गेली असती. हे मला कळत होतं, आणि आजीलाही कळलं असणार, कारण तिच्याइतका चोख विचार करणारं माणूस मी गावात दुसरं पाहिलं नव्हतं.

मामा माझ्याशी तुटून वागले नाहीत. भाकरी वाढली, सायकलपर्यंत पोचवायला आले. निघताना म्हणाले, ‘‘मानसं वाचली, चांगलं झालं. पण तू उतरला, भाच्या.’’ मी म्हटलं, ‘‘उतरलो नसतो तं आनखी मेले असते.’’ ‘‘थे खरंच हाय,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणूनच तं तुले काई म्हनता येत नाई.’’ त्यापुढे वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी मी धामणखेडीला गेलो. गावात शिरलो तर पाटलांच्या पडवीत रांजण मांडलेले, झाकलेले, आणि खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं. पावडरचा डबा गोदाआजीने देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता, झाकणावर फडकं आवळून बांधलेला. ‘‘हवा लागली का मरते,’’ तिने मला समजावलं.

आम्ही विहिरीवर गेलो. तिने पावडर कालवली, निवळू दिली, विहिरीत सोडली. मी खालीच उभा होतो. ती म्हणाली, ‘‘वर ये.’’

मी म्हटलं, ‘‘आन मंग गोमूत्र?’’

‘‘शांतीच्या लेकरापासून टाकलं नाई मी,’’ ती म्हणाली.

मी चढलो. तिने सोबत आणलेला पितळी गडवा उचलला आणि म्हणाली, ‘‘ऊन लय हाय. पानी पे.’’

माझा नियम तोंडाशी आला होता. पण त्याआधी खराच नियम आडवा आला. मी म्हटलं, ‘‘आजी, आत्ताच दवा टाकली. तास व्हाचा हाय.’’

‘‘मंग बस,’’ ती म्हणाली, आणि ओट्याच्या कडेला बसली. मीही बसलो. भर दुपारी, गावच्या विहिरीच्या ओट्यावर, पाटलाची माय आणि मी. पाण्याला येणाऱ्या बायका लांब थांबत, आम्हाला बघत आणि घागरी टेकवून उभ्या राहत. तिने त्यांना ‘‘तास व्हाचा हाय’’ एवढंच सांगितलं. ती मधेच म्हणाली, ‘‘पोरगं झालं असतं तं आता रांगलं असतं.’’ मी हो म्हटलं.

तास झाला. पेले मांडले, थेंब तिने टाकले, पाणी निळं झालं. मग तिने विहिरीचं ताजं पाणी काढून गडवा भरला. वरून ओतला नाही. माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्यालो. पाण्याला दवेचा वास येत होता, आणि मला ते फार गोड लागलं. गडवा ओट्यावर ठेवून मी पेले पुसायला घेतले. पुसून झाले, पेटीत ठेवले, कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. वळलो तेव्हा ओट्यावर आजी नव्हती आणि गडवाही नव्हता.

मामांच्या घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. ते अंगणात खाट टाकून बसले होते.

‘‘प्याला म्हन्ते.’’

‘‘प्यालो.’’

‘‘तोंड लावून?’’

‘‘तोंड लावून.’’

मामांनी मान हलवली. आपल्या विहिरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, ‘‘आन तिनं थो गडवा मंग विस्तवात टाकला का?’’

‘‘मी पाह्यलं नाई.’’

‘‘काऊन नाई पाह्यलं?’’

‘‘पेटी आवरून राह्यलो होतो.’’

मामांनी माझ्या खांद्याला अडकवलेल्या पेटीकडे पाहिलं.

‘‘पेटी तं ल्हानशीच हाय तुही,’’ ते म्हणाले.